भागिरथाचा आवाज कोणी पुसला?

१

टेप फिरत होती, पण भागिरथाबाई काही गात नव्हत्या.

मनकर्णाबाईंनी आवाजाचं बटण फिरवलं, मग आणखी फिरवलं. दोन्ही मोठ्या स्पीकरांतून नुसतं सूंऽऽ आलं आणि अंगणातल्या कोंबड्या तेवढ्या बिचकल्या. खोलीत पाच माणसं होती. पाचही जण एकमेकांकडे पाहायचं टाळून त्या मशीनकडे बघत होती.

"थांबा जरा. सुरुवातीले कोरी सोडली असन थोडी," जानरावबुवा म्हणाले.

"नाई," शेषराव म्हणाले. "बटन दाबलं का तिचाच आवाज आहे. मी सोता भरली ना."

मेडशीतली ही रविवारची बैठक म्हणजे गावाच्या लेखी पाच खुळ्यांचा बाजार. जेवणं उरकली की हे लोक मनकर्णाबाईंच्या बैठकीत जमत. बाईंच्या मालकांनी मागे सोयाबीनचं वावर, एक रेकॉर्ड प्लेअर आणि कपाटभर तबकड्या ठेवल्या होत्या. वावर बाईंनी बटाईनं देऊन टाकलं, प्लेअरला मात्र कोणाचं बोट लागू दिलं नाही. हळूहळू त्यांच्यासारखेच कानांचे वेडे येऊन मिळाले. किन्हीराजाचे जानरावबुवा, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. केनवडच्या शाळेतली मास्तरीण योगिनी. मालेगावात स्पीकर दुरुस्तीचं दुकान चालवणारा हरीओम. आणि गावातलेच शेषराव, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक.

बैठकीचा एक रिवाज होता. त्याला हे लोक 'फेरा' म्हणत. एकानं आपली जिवाजवळची कॅसेट किंवा तबकडी काढायची. ती एकेकाच्या घरी आठवडाभर राहायची, ज्यानं त्यानं आपापल्या मशीनवर एकट्यानं ऐकायची, आणि पुढच्याच्या हाती देताना मालकाला त्याबद्दल दोन शब्द सांगायचे. फेरा पुरा झाला की बाईंच्या घरी सगळ्यांनी मिळून ऐकायची. मालकाला विचारल्याशिवाय नक्कल काढायची नाही, हे ठरलेलं.

या वेळी फेरा शेषरावांचा होता. बायको, भागिरथा, गेल्यापासून ट्रंकेतून कधी न काढलेली कॅसेट त्यांनी दिली होती. भागिरथाचा आवाज त्या एकाच कॅसेटीत होता, दुसरीकडे कुठेच नव्हता. पहिल्यांदा ती बुवांकडे गेली. परत देताना बुवा म्हणाले होते, "मागं पेटी काय वाजवली हो!" मग योगिनी म्हणाली, "किती नाजूक आवाज काकूंचा." हरीओमनं तर हद्दच केली. "काका, काय रेकॉर्डिंग आहे! बाहेरचा एक आवाज नाई, एकदम साफ." शेषराव प्रत्येक वेळी मान खाली घालून हसले होते.

आणि आज ही अशी.

हरीओमनं घाईघाईनं कॅसेट काढून उलटी टाकली. आता मात्र काहीतरी आलं. दूर विहिरीत कोणी तोंडावर गोधडी घेऊन बोलावं तसं, "ऊंव्... ळोऊं... ऊंव्..."

"अरे बाप्पा! हे कोन बोलून राह्यलं?" बुवा सरसावून बसले.

"बंद कर ते," मनकर्णाबाई खेकसल्या. "मशीनीचा बेल्ट सरकला असन. तिकडची बाजू तर कोरी आहे ना भाऊ?"

"कोरीच आहे," शेषराव म्हणाले. ते उठले. ते हरीओमपुढे जाऊन उभे राहिले. "तुले नक्कल पाह्यजे होती. मी नाई म्हटलं तवा तुझं तोंड पाह्यलं होतं मी. तूच केलं हे."

"काका, मी..." हरीओमनं मान खाली घातली.

"भाऊ, कॅसेट तरी घेऊन जा," बाई म्हणाल्या.

"रिकामी डबी काय करू, वयनी?" शेषराव म्हणाले आणि निघून गेले.

२

मनकर्णाबाईंना सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर हे पाप त्यांच्या घरात उघडकीला आलं याचा. पोलिसांत जावं असा हा गुन्हा नव्हता. फौजदार हसला असता. पण एका माणसाची मेलेली बायको दुसऱ्यांदा मेली होती, आणि हे बाईंना काही केल्या गिळवेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या पदर खोचून शेषरावांच्या दारात हजर झाल्या.

शेषराव ओट्यावर बसले होते. चहा समोर तसाच होता, वर साय धरलेली.

"भाऊ, मले सांगा, त्या कॅसेटीत होतं काय?"

"आता काय करता विचारून?"

"माह्या घरात वांधा झाला. मीच निस्तरीन. बोला."

शेषरावांनी चहाची कपबशी बाजूला सारली. मग बोलायला लागले तर थांबेनात. वर्कशॉपातल्या एका सोबत्याचा टेपरेकॉर्डर त्यांनी एका संध्याकाळसाठी घरी आणला होता. भागिरथा चुलीपुढं भाकरी थापत होती. ती एरवीही थापता थापता गायची. तिच्या ओव्या तिच्याच असत, बाबासाहेबांच्या, लेकरांच्या, शाळेच्या. त्यांनी गुपचूप बटण दाबून मशीन परातीमागं ठेवलं.

"पेटी कोन वाजवत होतं?"

"पेटी? आमच्या घरी कुठची पेटी आली वयनी! भाकरी थापायचा आवाज आहे, बस. अन् दारातली शेळी. शेळी सारखी ओरडून राह्यली होती. भागिरथा मधातच तिले शिव्या देते." शेषरावांच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच मोडलं. "आवाज कसा, बाप्यासारखा. जाडा. लोकं हसायचे. मले लय आवडे."

"मग भागिरथाबाई गेल्यापासून तुमी ऐकली काहून नाई?"

"हिंमतच नाई झाली. घरात एकटा मानूस, अन् ती बोलायले लागन. म्हून तर फेऱ्यात देल्ली. म्हटलं, एकट्यानं नाई ऐकवत, तर चार जनाच्या मधात बसून ऐकू."

मनकर्णाबाईंचे डोळे भरून आले. पण रडायला आपण आलो नाही, हे त्यांनी स्वतःला बजावलं.

"देताना चांगली होती ना कॅसेट?"

"चांगली म्हंजे, रीळ दाबून धरनारी आतली गादी निसटली होती, जुनी झाली म्हून. इस्क्रू खोलून, चकऱ्या बाहेर काढून नवी बसवली मी. डोळ्याचं आपरेशन झालं तरी हात अजून मेकॅनिकचा आहे माहा. अन् मागच्या दोनी प्लास्टिकच्या कळ्या तर मी तवाच तोडल्या होत्या. कळी तुटली का वरून दुसरं काई भरताच येत नाई. एवढं जपलं वयनी, एवढं जपलं..."

बाई घरी निघाल्या. बौद्धवाड्याच्या वळणावर त्या एकदम थबकल्या. पेटी नव्हती. बाहेरचा आवाज होता, आणि तोही शेळीचा. आवाज जाडा होता. मग बुवांनी कोणती पेटी ऐकली? हरीओमला शेळी कशी ऐकू आली नाही? आणि योगिनीला नाजूक आवाज कोणाचा वाटला?

या तिघांतलं एकही माणूस खरं बोललं नव्हतं.

३

केनवडच्या शाळेत मधली सुट्टी होती. योगिनीनं बाईंना एसटीतून उतरताना पाहिलं आणि तिचा चेहरा असा पडला, की बाईंना तिथंच अर्धं उत्तर मिळालं.

"काकू, तुम्ही इकडं कशा?"

"भागिरथाबाईचा आवाज कसा होता गं, पोरी?"

"गोड... म्हणजे..."

"बाप्यासारखा होता. जाडा. शेषरावभाऊ सांगतात."

योगिनी कडुलिंबाच्या पारावर बसली. भोवतीच्या लेकरांना तिनं हातानंच पिटाळलं. मग ओढणीनं डोळे पुसत म्हणाली, "काकू, मी पुसली ती. माझ्यामुळं झालं."

"कसं काय?"

"आल्या आल्या मी कॅसेट मोठ्या स्पीकरवर ठेवली. दोन दिवसांनी लावली तर आत काहीच नाही! स्पीकरमध्ये केवढं लोहचुंबक असतं. विज्ञान शिकवते मी काकू, आणि मलाच सुचू नये? रडत बसले. काकांना सांगायचं कसं? शेवटी काहीतरी गोड बोलून मोकळी झाले. मला वाटलं, हरीओमदादा लावून बघतील आणि तेच सांगतील."

मनकर्णाबाईंना राग यायला हवा होता. पण एवढी शिकलेली पोर नाक ओढत बसली होती, तिच्यावर राग तरी कसा धरायचा? त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला.

"तुह्या बाकीच्या कॅसेटा कुठी रायतात?"

"तिथंच. स्पीकरवर. फळीच नाहीये ना दुसरी."

"वाजतात का त्या?"

"वाजतात की." योगिनी बोलता बोलता थांबली.

"वर्षभर पडलेल्या कॅसेटा पुसल्या जात नाई, अन् हे दोन दिवसात कशी पुसली जाते? बुद्धी गहान टाकली का गं? तुह्या हाती आली तवाच ती मुकी होती."

"म्हणजे माझ्या आधी?" तिनं विचारलं. "माझ्या आधी तर बुवा होते."

४

बाई मालेगावला एसटी बदलायला उतरल्या आणि आपसूक हरीओमच्या दुकानाकडे वळल्या. योगिनीचं म्हणणं खरं धरलं, तर हा पोरगा निर्दोष होता, आणि शेषरावांनी सगळ्यांदेखत त्याच्या तोंडावर थुंकल्यासारखं केलं होतं. त्याला धीराचे दोन शब्द सांगावेत, एवढंच त्यांच्या मनात होतं.

हरीओमनं त्यांना पाहिलं आणि हातातली, कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली स्पीकरची जाळी खाली ठेवून दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

"काकू, मी पाया पडतो तुमच्या. मीच केलं."

"आता तू बी?" बाईंच्या तोंडून निसटलं.

"मी नक्कल काढत होतो, चोरून. काका नाई म्हणाले तरी. म्हटलं, एवढी एकच कॅसेट, उद्या तुटली तर? नक्कल काढून ठेवीन, अन् काका ज्या दिवशी रडतीन त्या दिवशी देईन. कॉम्प्युटरले जोडलं. अन् पाहा, काय आलं." त्यानं पडदा बाईंकडे वळवला. आवाजाची रेघ सपाट होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "वायर उलटी जोडली असन मी. मशीनीनं भरलेलं सगळं पुसून टाकलं. म्हून मी काकांपुढं बोलू शकलो नाई काल. त्याइनं चोर म्हटलं, ते खोटं थोडीच होतं!"

बाईंना हसू दाबवेना. पदर तोंडाला लावून त्या बाकावर बसल्या.

"हसता काय काकू?"

"लेका, चोरी एक अन् चोर दोन झाले. तू पह्यल्यांदा लावली तवाच रेघ सपाट आली ना? म्हंजे तुह्या मशीनीनं पुसायच्या आधीच सपाट होती. जे नाईच, ते पुसशीन कसं?"

हरीओमनं पडद्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्याच्या खांद्यावरचं ओझं उतरताना दिसलं. पण लगेच कपाळावर आठी आली. "मग काकू, केलं कोनी?"

"किन्हीराजाची गाडी किती वाजता आहे?" बाईंनी विचारलं.

५

जानरावबुवा विठ्ठलाच्या देवळात पेटीला भाता मारून बघत होते. बाई पायरीवर टेकल्या आणि आडवळण न घेता म्हणाल्या, "बुवा, भागिरथाबाईमागं पेटी नव्हतीच."

बुवांचा हात भात्यावरच राहिला. पेटीनं एक लांब उसासा सोडला.

"मले ठाऊक आहे," ते हळूच म्हणाले.

"अस्सं?"

"काई ऐकलंच नाई मी बाई, तर पेटी कुठून असनार? माह्या मशीनीचं वाजवायचं बटन अन् भरायचं लाल बटन शेजारी शेजारी आहे. मले दिसत नाई आता नीट. लावली, तर सूंऽऽ. खाली वाकून पाह्यलं, तर बोट लाल बटनावर! माह्या हातानं त्या बाईचा आवाज गेला. काय सांगू तुमाले, दोन दिवस मले भाकर गोड लागली नाई. शेषराव विचारायले आला, कसा वाटला म्हने. त्याचं तोंड असं उजळलेलं, बाई. तोंडातून निघून गेलं, पेटी लय चांगली आहे म्हून. मले दुसरं येतंच काय?"

"बुवा, लाल बटन दाबलं गेलं होतं का?"

"नाई ना! अटकलं होतं. जोर लावला तरी जाईना."

"जानारच नाई. कॅसेटीच्या कळ्या शेषरावभाऊंनी तोडून ठेवल्या आहे. तुमी त्या बटनावर येऊन बसले असते तरी त्यावर काई भरलं गेलं नसतं."

बुवांनी देवाकडे पाहून हात जोडले. देवळात त्या दोघांखेरीज कोणी नव्हतं, म्हणून ते मोकळेपणी रडले. मनकर्णाबाई मात्र मनात हिशेब जुळवत होत्या.

तिघांनी कबुली दिली, आणि तिघांपैकी एकानंही काही केलं नव्हतं. तिघंही दुसऱ्याचं काळीज मोडू नये म्हणून खोटं बोलले होते. बुवांच्या हाती कॅसेट पहिल्यांदा आली, आणि तेव्हाच ती मुकी होती. बुवांच्या आधी तिला हात लावणारा माणूस एकच.

ज्यानं स्क्रू खोलले होते तो.

६

आता हे शेषरावांना सांगणार कोण? 'भाऊ, तुमच्याच हातानं गेली' असं त्या ओट्यावर जाऊन म्हणायचं? त्यापेक्षा हरीओमवरचा आळ परवडला, असंही बाईंच्या मनात येऊन गेलं, आणि त्या विचाराची त्यांना लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुपारचं ऊन बैठकीत आलं होतं. बाईंनी कॅसेट हातात घेतली. गादी बदलायला चकऱ्या काढल्या, परत बसवल्या. त्यात आवाज पुसला जातो कसा? तिथं ना लोहचुंबक, ना वीज. पाना-पेचकस आणि शेषरावांची बोटं. माणसानं ट्रंक उघडून परत बंद केली, म्हणून आतली लुगडी नाहीशी होत नाहीत.

आणि ते विहिरीतलं भूत? 'ऊंव् ळोऊं' करणारं? ती बाजू तर कोरी होती. शेषरावांनी स्वतः सांगितलं होतं. कोरी कॅसेट सूं करते, चूं करते, पण बोलत नाही. आणि बेल्ट सरकला म्हणावं, तर त्यानंतर त्याच मशीनवर बाईंनी दुसऱ्या कॅसेट ऐकल्या होत्या, व्यवस्थित. बेल्टचं म्हणणं बाईंनीच ठोकून दिलं होतं.

जिथं बोलायला हवं तिथं गप्प. जिथं गप्प राहायला हवं तिथं बोलते.

बाईंनी कॅसेट खिडकीशी नेली. खालच्या फटीतून रीळ दिसत होतं, उन्हात चमचम करत. त्यांनी कपाटातून आपली एक कॅसेट काढून शेजारी धरली. तिचं रीळ गडद तपकिरी होतं, मंद. दुसरी काढली, तीही तशीच. तिसरी तशीच. भागिरथाबाईंचं तेवढं चकाकत होतं.

लुगड्याची उलटी बाजू बाहेर आली, तर काठ ओळखू येईल का? डाव्याचा उजवा होतो, वरचा खाली जातो. लुगडं मात्र तेच असतं, कुठं गेलेलं नसतं.

"अगं माय," मनकर्णाबाई एकट्याच मोठ्यानं म्हणाल्या, आणि मोबाईल शोधायला धावल्या.

७

शेषराव यायला तयार नव्हते. बाईंनी त्यांना अक्षरशः दटावून आणलं. खोलीत बाकीचे तिघं आधीच बसले होते. हरीओमला बघून शेषरावांनी तोंड फिरवलं.

"भाऊ, बसा. अन् आधी या तिघाइचं ऐकून घ्या," बाई म्हणाल्या.

बुवा बोलले. मग योगिनी, मग हरीओम. प्रत्येकाला वाटलं होतं आपण पुसली, आणि प्रत्येकानं ते लपवलं होतं.

"म्हंजे तुमी कोनीच ऐकली नाई तिले?" शेषरावांनी विचारलं.

"नाई," बुवा म्हणाले. "माफ कर बाबू. खोटं बोललो."

"पेटी नव्हती, हे मले तवाच समजलं होतं. पन मी काई बोललो नाई. खोटं का होईना, कोनी तिचं नाव तर घेऊन राह्यलं होतं." मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांचा आवाज चिरकला. "तुमी नाई, तुमी नाई, अन् तू बी नाई. म्हंजे मीच. खोलली ती मीच ना!"

"खोलली तुमीच. पन पुसली कोनीच नाई," मनकर्णाबाई म्हणाल्या. "इकडं या उजेडात."

त्यांनी ती कॅसेट आणि आपली एक, अशा दोन्ही त्यांच्यापुढं धरल्या. "रिळाच्या एकाच अंगावर आवाज असते. हे गडद अंग. मशीनीचं डोकं त्यालेच लागाले पाह्यजे. गादी बसवताना तुमची रिळाची चकरी पालथी पडली, भाऊ. गडद अंग आत गेलं, चकाकतं बाहेर आलं. वरची कड खाली गेली. म्हून भागिरथाबाईची बाजू लावली, का डोक्याखाली कोरी कड येते. अन् कोरी बाजू लावली, का तिची कड येते, पन पाठीकडून. अन् शेवटाकडून सुरुवातीकडे. त्या दिवशी आपन सगळ्याइनं ऐकलं ते भूत नव्हतं."

शेषरावांनी कॅसेट डोळ्यांजवळ नेली.

"ते तीच होती?" शेषरावांनी विचारलं.

"तीच होती. उलटी."

शेषराव खाली बसले. मग बसल्या बसल्याच हरीओमकडे सरकले आणि त्याचा हात धरला. "मी तुले सगळ्यात वंगाळ बोललो बाबू."

"मी चोरून नक्कल काढतच होतो काका," हरीओम म्हणाला. "फक्त निघाली नाई."

"आज काढ. मीच म्हनतो. जोड तुह्या वायरा."

हरीओमनं बारीक पेचकस काढला. शेषरावांनी स्वतः स्क्रू खोलले, पण चकरीपाशी त्यांनी हात मागे घेतला. तेव्हा योगिनीनं आपल्या बारीक बोटांनी ती अलगद उचलली, पालथीची उताणी केली, आणि बुवांनी रीळ घरंगळू नये म्हणून दुसरी चकरी तर्जनीनं दाबून धरली. मनकर्णाबाई कोणाला काही सुचवत नव्हत्या, आणि हे त्यांच्या आयुष्यात क्वचितच घडलेलं होतं. झाकण बसलं. खालच्या फटीत आता गडद तपकिरी रीळ दिसत होतं.

बाईंनी बटण दाबलं.

आधी भाकरी थापल्याचा आवाज आला, थप थप थप. मग एक जाडा, खर्जातला, घर भरून टाकणारा आवाज.

"तव्यावरती भाकर फुगे, दारी आली सांज बाई,
लेकरू माझं शाळेत जाते, पाटीवरती भीम लिही..."

शेळी ओरडली. "मर वं, तुले आत्ताच सुचलं!" भागिरथाबाई ओरडल्या, आणि पुन्हा तिथूनच ओवी धरली. योगिनी रडता रडता हसली. बुवांचं बोट आपोआप मांडीवर ठेका धरायला लागलं. हा आवाज कोणाला नाजूक वाटला असता तर नवलच होतं. शेषराव डोळे मिटून बसले होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते.

ओवीमागून ओवी झाली. मग भागिरथाबाई एकदम थांबल्या. लुगड्याची सळसळ झाली, काहीतरी सरकलं, आणि आवाज अगदी जवळून आला.

"हे काय लपवलं इथी? टेप करून राह्यले का माह्यं? बंद करा ते. भाकर करपून राह्यली माही!"

"करतो, करतो," शेषराव म्हणाले. डोळे न उघडताच उठले आणि त्यांनी मशीनच्या बटणाकडे हात नेला.

टेपमधूनही, तरुण आवाजात, तेच शब्द आले. "करतो, करतो." मग खट् झालं, आणि पुढं काही नव्हतं.

शेषरावांचा हात बटणाजवळ तसाच राहिला.

"त्या दिवशी तिचं ऐकाचं नव्हतं," ते म्हणाले.